वाय-फाय जोडले जाते, पण इंटरनेट नाही: माझ्या लॅपटॉपचे दोन दिवस

जीएसटीची विवरणपत्रे भरणाऱ्या माणसाला महिन्याच्या ११ तारखेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना मागील महिन्याच्या विक्रीचा तपशील, म्हणजे जीएसटीआर-१, त्या दिवसापर्यंत द्यावा लागतो. सांगलीत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत माझे कार्यालय आहे आणि सगळ्या पक्षकारांचे हिशेब एकाच लॅपटॉपवर आहेत. जुलैच्या ९ तारखेला, मंगळवारी सकाळी, तो उघडला तेव्हा कोपऱ्यात वाय-फायच्या पंख्याऐवजी पृथ्वीच्या गोलाचे चिन्ह दिसले आणि त्यावर बाण नेल्यावर घरच्या वाय-फायच्या नावाखाली ‘नो इंटरनेट’ अशी ओळ आली. वाय-फाय जोडलेले होते, पासवर्ड मान्य झाला होता, सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या. फक्त एकही संकेतस्थळ उघडत नव्हते.

पहिली शंका स्वाभाविकपणे घराबाहेरच्या लाइनवर गेली, पण ती पाच मिनिटांत फिटली. माझा फोन त्याच वाय-फायवर व्यवस्थित चालत होता, आणि मागच्या खोलीतला मुलाचा जुना डेस्कटॉप, जो राउटरला केबलने जोडलेला आहे, तोही चालत होता. तरीही मी सेवा पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला, कारण अडचण आली की तक्रार नोंदवायची ही सवय आहे. पलीकडच्या मुलीने राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करायला सांगितले, मग तिच्या बाजूने लाइन तपासली आणि ‘मॅडम, आमच्याकडून सगळे ठीक दिसते’ असे सांगितले. त्या वेळी मला हे हात झटकणे वाटले. वस्तुतः तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. तिने आणखी एक प्रश्न विचारला होता: लॅपटॉपवर अलीकडे काही नवीन टाकले आहे का? मी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हटले.

यानंतर मी फोनवर हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडला. जोडला गेला, आणि तीच ओळ आली. शेजारच्या काकांच्या परवानगीने त्यांच्या वाय-फायला जोडून पाहिला, तिथेही तेच. तीन वेगवेगळी जाळी, तिन्ही इतरांसाठी चालू आणि माझ्या लॅपटॉपसाठी मुकी. म्हणजे दोष लॅपटॉपच्या आत आहे एवढे तरी निश्चित झाले. घड्याळ आणि तारीख बरोबर आहे का तेही पाहिले, कारण तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे लॅपटॉपला खोटी वाटू लागतात. तारीख बरोबर होती.

विंडोजमध्ये दोष शोधून देणारी एक सोय असते, ती चालवली. दोन मिनिटे विचार करून तिने इंग्रजीत जे सांगितले त्याचा आशय असा होता: तुमच्या संगणकाची मांडणी बरोबर दिसते, परंतु डीएनएस सर्व्हर प्रतिसाद देत नाही. हे वाक्य मी त्या दिवशी ज्याला ज्याला वाचून दाखवले त्या प्रत्येकाने त्याचा पहिला अर्धा भाग खरा मानला. मीही मानला. सर्व्हर म्हणजे कुठेतरी दूरवरचे यंत्र, ते बंद असेल तर त्यात माझ्या लॅपटॉपचा काय दोष, असा विचार करून मी पुन्हा त्याच कंपनीला फोन लावला, हे सांगायला आज संकोच वाटतो.

पुण्याला नोकरी करणाऱ्या भाच्याने फोनवरून दोन उपाय सांगितले. पहिला असा की प्रशासकाच्या अधिकाराने काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडून ‘नेटएसएच विनसॉक रीसेट’ ही आज्ञा द्यायची आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा. मी ते केले. फरक पडला नाही. दुसरा उपाय संपूर्ण ‘नेटवर्क रीसेट’ करण्याचा होता, ज्यात नेटवर्कची सगळी कार्डे विंडोजमधून काढून पुन्हा बसवली जातात आणि साठवलेली मांडणी पुसली जाते. तिथे मी थांबले. ठिकठिकाणच्या पक्षकारांच्या दुकानांतले वाय-फाय पासवर्ड लॅपटॉपने लक्षात ठेवलेले आहेत आणि ते गेले तर पुन्हा विचारत फिरावे लागेल हे एक कारण होते. दुसरे कारण असे की त्याने दोष गेला असता तरी तो काय होता हे मला कधीच कळले नसते, आणि पुढच्या महिन्याच्या १० तारखेला तो परत आला असता तर मी पुन्हा तिथेच उभी राहिले असते.

संध्याकाळी दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने त्यांच्या वाय-फायला जोडून पाहिले, मग माझ्या फोनला यूएसबी केबल लावून फोनचे इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला दिले, आणि काय आश्चर्य, सगळी संकेतस्थळे उघडू लागली. तोच फोन, तेच सिमकार्ड. हॉटस्पॉटने दिले तर चालत नाही, केबलने दिले तर चालते. त्यांनी निदान सांगितले: वाय-फाय कार्ड गेले आहे, दीड-दोन हजार रुपये लागतील, आणि हातासरशी विंडोजही नव्याने टाकून देतो. तर्क वरवर पाहता बिनतोड होता. मी ‘उद्या सांगते’ म्हणून परत आले. निदान केबलने काम चालते आहे हे कळल्यामुळे त्या रात्री तीन विवरणपत्रे भरून झाली, आणि घाई संपल्यावर डोके जरा शांत झाले.

बुधवारी सकाळी शेजारचे काका वर्तमानपत्र न्यायला आले. ते दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले आहेत. खात्याचा कारभार १ ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगमकडे गेला, तरी काका अजून ‘खातं’च म्हणतात. त्यांची सगळी नोकरी बिघडलेल्या टेलिफोन लाइनी शोधण्यात गेली. संगणकातले त्यांना काही कळत नाही आणि ते तसे स्पष्ट सांगतात. मी कार्ड बदलायचे म्हणते आहे हे ऐकून त्यांनी विचारले, “वहिनी, फॉल्ट कुठवर आलाय ते बघितलंत का?” मग त्यांनी समजावले की फोन बंद असला की ते आधी उपकरण बदलत नसत. एक्स्चेंज, तिथून पिलर म्हणजे रस्त्याकडेची तारांची पेटी, पिलरपासून डीपी म्हणजे खांबावरची छोटी पेटी, डीपीपासून घरात येणारी तार, आणि शेवटी उपकरण, असे टप्पे असत. मधल्या कुठल्यातरी टप्प्यावर टोन ऐकायचा. तिथे टोन असेल तर मागचा सगळा भाग चांगला आणि दोष पुढे. नसेल तर दोष मागे. ओळीतल्या अर्ध्या भागावर काट मारत जायचे, म्हणजे शंभर घरे हिंडावी लागत नाहीत.

लॅपटॉपवर असे टप्पे पाडता येतात, हे मला अंधुकपणे ठाऊक होते; मांडून कधी पाहिले नव्हते. यूएसबी केबल काढली, घरच्या वाय-फायला जोडले आणि काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ लिहिले. लॅपटॉपला १९२.१६८.१.७ हा पत्ता मिळालेला होता आणि गेटवे म्हणून राउटरचा १९२.१६८.१.१ दाखवत होता. हा पत्ता राउटरच वाटतो. तो वाटला गेला नसता तर विंडोजने स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक कामचलाऊ पत्ता घेतला असता, आणि मग दोष लॅपटॉप आणि राउटर यांच्या बोलण्यात आहे असे समजले असते. तसे झालेले नव्हते. पुढचा टप्पा म्हणून राउटरला पिंग केले, म्हणजे ‘आहेस का’ अशी हाक दिली. चार हाकांना चार उत्तरे आली. ब्राउझरमध्ये हाच पत्ता लिहिल्यावर राउटरचे प्रवेशपानही उघडले. म्हणजे कार्ड राउटरपर्यंत व्यवस्थित पोचत होते.

“आता गावाबाहेर,” काका म्हणाले. गावाबाहेरचा एक पत्ता मला पाठ होता: ८.८.८.८. गूगलने डिसेंबर २००९ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ही डीएनएस सेवा आहे आणि पत्ता सोपा असल्यामुळे लाइन तपासणारे लोक तिलाच हाक मारतात. मी ‘पिंग ८.८.८.८’ लिहिले. माझी अपेक्षा होती की इथे शांतता असेल. चार पाठवले, चार मिळाले, नुकसान शून्य टक्के. जो लॅपटॉप काल सकाळपासून ‘इंटरनेट नाही’ म्हणत होता, तो वाय-फायवरून, त्याच ‘गेलेल्या’ कार्डाने, घराबाहेरच्या जगाशी बोलत होता. दीड-दोन हजार रुपये वाचले ते या चार ओळींनी.

त्यानंतर पत्त्याऐवजी नाव वापरले, ‘पिंग गूगल डॉट कॉम’. उत्तर आले की असा यजमान सापडत नाही, नाव तपासून पाहा. दोष आता एका चिंचोळ्या जागेत कोंडला गेला होता. अंक चालत होते, नाव चालत नव्हते. काकांना मी सांगितले की आपण नाव लिहितो, पण यंत्रे अंकांनी बोलतात, आणि नावाचा अंक काढून देणारी जी व्यवस्था १९८३ सालापासून उभी राहिली तिला डीएनएस म्हणतात. ते लगेच म्हणाले, “म्हणजे लाइन चालू आहे, १९७ लागत नाहीये.” ज्यांनी जुना टेलिफोन वापरला आहे त्यांना आठवेल की कोणाचा नंबर हवा असेल तर १९७ फिरवून विचारावा लागे. विंडोजचे वागणेही याने उलगडले. इंटरनेट आहे की नाही हे ठरवण्यासाठी विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक संकेतस्थळावरची एक छोटी मजकुराची फाइल मागून पाहते. ते संकेतस्थळ नावाने शोधायचे असल्यामुळे नावच उलगडले नाही तर ती सरळ ‘नो इंटरनेट’ लिहून मोकळी होते.

आता लॅपटॉप हे १९७ कुठे फिरवतो आहे ते पाहायचे होते. ‘आयपीकॉन्फिग’पुढे ‘स्लॅश ऑल’ लावले की सविस्तर यादी येते. त्यात वाय-फायच्या मथळ्याखाली डीएनएस सर्व्हर म्हणून दोन नोंदी होत्या. पहिली पाहून मला वाटले की छपाईत काही बिघडले आहे: विसर्गासारखी दोन टिंबे, पुन्हा तशीच दोन टिंबे, म्हणजे ::, आणि पुढे १. दुसरी १२७.०.०.१ अशी होती. हा दुसरा आकडा मी ओळखला. प्रत्येक संगणकासाठी १२७.०.०.१ म्हणजे ‘मी स्वतः’ असतो, आणि ::१ हे आयपीच्या, म्हणजे यंत्रांच्या या अंकी पत्त्यांच्या पद्धतीच्या, सहाव्या आवृत्तीतले त्याचेच रूप आहे. माझा लॅपटॉप गूगलचा पत्ता स्वतःलाच विचारत होता. काकांना हे फार आवडले. स्वतःच्या फोनवरून स्वतःचाच नंबर फिरवला की एंगेज टोन येतो, असे म्हणून ते मनापासून हसले.

इथे दोष सापडला असे मी म्हणणार होते, पण सहज म्हणून मुलाच्या डेस्कटॉपवर तीच आज्ञा देऊन पाहिली आणि गोंधळले. तिथेही हुबेहूब तेच होते, ::१ आणि १२७.०.०.१. आणि डेस्कटॉप तर उत्तम चालत होता. बिघडलेल्या आणि चालत्या यंत्रात एकच नोंद असेल तर ती नोंद दोषाचे कारण कशी असेल? संपूर्ण प्रकरणात मला सर्वाधिक वेळ इथे लागला. तासाभराने प्रश्न उलटा करून पाहिला: डेस्कटॉप स्वतःला विचारतो, तर तिथे उत्तर कोण देते? डीएनएसचे प्रश्न ५३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर, येतात. ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा कोणत्या पोर्टवर कोणता कार्यक्रम कान लावून बसला आहे ते दाखवते, आणि तिला योग्य अक्षरे जोडली तर त्या कार्यक्रमाचा क्रमांकही देते. डेस्कटॉपवर ५३ समोर एक क्रमांक होता. लॅपटॉपवर ५३ ची ओळच नव्हती. तो क्रमांक टास्क मॅनेजरमध्ये शोधल्यावर जे नाव समोर आले ते वाचून मी कपाळाला हात लावला.

मुलगा दहावीला असल्याने जाहिराती आणि नको ती संकेतस्थळे अडवणारे एक सॉफ्टवेअर आम्ही महिनाभराच्या मोफत मुदतीवर घेतले होते, ते दोन यंत्रांवर चालत होते, म्हणून मी लॅपटॉपवरही टाकले होते. त्याची काम करण्याची पद्धत साधी आहे. ते यंत्राची डीएनएसची नोंद बदलून १२७.०.०.१ करते, सगळी विचारणा स्वतःकडे वळवते, नको ती नावे तिथेच अडवते आणि बाकीची पुढे खऱ्या सर्व्हरकडे पाठवते. सोमवारी रात्री, सतत येणाऱ्या सूचनांना कंटाळून, मी ते लॅपटॉपवरून काढून टाकले होते आणि लगेच झाकण लावून झोपायला गेले होते. चौकशी खिडकीवरचा माणूस गेला, पण ‘चौकशी येथे करावी’ ही पाटी तशीच राहिली. स्मरणावर विसंबायचे नाही म्हणून विंडोजचा रिलायबिलिटी मॉनिटर उघडला. त्यात दिवसवार नोंदी असतात, आणि सोमवारच्या रकान्यात ते सॉफ्टवेअर यशस्वीपणे काढल्याची नोंद होती. ‘यशस्वीपणे’ हा शब्द त्यांचा.

काही नवीन टाकले आहे का, या प्रश्नाला मी दिलेले ‘नाही’ हे उत्तर खरेच होते. त्या दोन दिवसांत मला चार जणांनी काय टाकले ते विचारले. काय काढले ते कोणी विचारले नाही, आणि काढणे हादेखील बदल असतो हे माझ्याही मनात आले नाही. दुकानातल्या केबलचे कोडेही आता सुटले. विंडोजमध्ये डीएनएसची ही नोंद प्रत्येक नेटवर्क कार्डाच्या नावावर वेगळी असते. वाय-फाय कार्डाच्या नावावर ती चिकटलेली होती, म्हणून घर, हॉटस्पॉट, शेजार, कुठेही गेले तरी ती सोबत येत होती. फोन यूएसबीने लावला की विंडोजच्या दृष्टीने ते नवे, कोरे कार्ड असते. त्याने फोनने सांगितलेला डीएनएस निमूटपणे घेतला. दुकानदाराने पाहिलेले सगळे बरोबर होते, त्यावरून काढलेला अर्थ तेवढा चुकला.

दुरुस्तीला दोन मिनिटे लागली. विंडोजची कळ आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ लिहिले, तेव्हा कार्डांची खिडकी उघडली. वाय-फायवर उजवी टिचकी देऊन प्रॉपर्टीज, त्यात इंटरनेट प्रोटोकॉलची चौथी आवृत्ती, पुन्हा प्रॉपर्टीज. वरच्या अर्ध्या भागात पत्ता आपोआप घेण्याची खूण होती, म्हणून तर पत्ता नीट मिळत होता. खालच्या अर्ध्या भागात हाताने भरल्यासारखा १२७.०.०.१ बसला होता. तिथे ‘आपोआप मिळवा’ निवडले. यादी पुन्हा पाहिली तर ::१ अजून होता, म्हणून सहाव्या आवृत्तीच्या खिडकीत जाऊन तेच केले. शेवटी ‘आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस’ देऊन जुन्या विचारण्यांची साठवण पुसली. कोपऱ्यातला पृथ्वीचा गोल काही क्षणांत जाऊन तिथे पंखा आला.

भाच्याला कळवले तेव्हा तो म्हणाला की त्या जागी ८.८.८.८ लिहून टाक, कायमची कटकट जाईल. मी ते मुद्दाम केले नाही. रेल्वे स्थानकावर किंवा हॉटेलात वाय-फायला जोडल्यावर मोबाइल क्रमांक विचारणारे जे पान आधी यावे लागते, ते पुष्कळदा त्या जागेच्या स्वतःच्या डीएनएसच्या मदतीने पुढे आणले जाते, आणि लॅपटॉप हट्टाने बाहेरच्यालाच विचारत राहिला तर ते पान येतच नाही. मी कामासाठी फिरते. मला जिथे जाईन तिथला डीएनएस घेणारा लॅपटॉप हवा आहे. शिवाय हाताने भरलेली नोंद विसरली जाते, हे ताजेच अनुभवले होते.

उरलेली विवरणपत्रे बुधवारी रात्रीच भरून झाली. महिनाअखेरीस मोफत मुदत संपत आली तेव्हा तेच सॉफ्टवेअर डेस्कटॉपवरूनही काढायचे होते. या वेळी काढण्याआधी त्याच्या मुख्य खिडकीतले संरक्षणाचे बटण बंद केले आणि लगेच ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ पाहिले. ::१ आणि १२७.०.०.१ दोन्ही आपोआप नाहीसे होऊन त्या जागी राउटरचा १९२.१६८.१.१ आला होता. लॅपटॉपवर मी ते बटण बंद न करता, संरक्षण चालू असतानाच सॉफ्टवेअर उचकटून काढले होते.